दुकान भरलेले, डबा रिकामा

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळांच्या निमंत्रणात शेवटी एक ओळ हमखास असते : "येताना कृपया दोन-तीन डबाबंद पदार्थ आणावेत, ते स्थानिक फूड बँकेला देण्यात येतील." मंडळी आठवणीने डबे आणतात, सभागृहाच्या दाराशी ठेवलेले खोके तासाभरात भरते, आणि आपण समाधानाने फराळाकडे वळतो. प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. पण ते डबे शेवटी कोणाच्या घरी जातात याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या डोळ्यांपुढे येतो तो पुलाखाली झोपणारा बेघर माणूस. प्रत्यक्षात ज्या दुकानातून तो डबा आपण विकत घेतला, त्याच दुकानात कॅश रजिस्टरवर उभ्या असलेल्या बाईच्या घरी तो जात असण्याची शक्यता बरीच असते.

अमेरिकेत किरकोळ विक्रीच्या दुकानांतून काम करणाऱ्या लाखो माणसांच्या घरी महिनाअखेर अन्नाची ओढाताण होते. ही माणसे बेकार नाहीत, आळशी नाहीत, आणि बहुतेकांना हिशोबही चांगला कळतो. त्यांच्या अडचणीचे कारण तासाच्या दरात जेवढे आहे तेवढेच तासांच्या अनिश्चिततेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्याचा आपल्या मराठी घरांशी काय संबंध, हे या लेखात मांडायचे आहे. आरोग्य आणि अर्थ ही दोन सदरे आपण एरवी वेगळी वाचतो. या विषयात ती वेगळी करता येत नाहीत.

आकडे काय सांगतात?

अमेरिकन सरकारचे कृषी खाते 'अन्न-असुरक्षितता' असा शब्द वापरते. पैशांअभावी घरातल्या सर्वांना वर्षभर पुरेसे अन्न मिळेलच याची खात्री नसणे, असा त्याचा सरळ अर्थ. या खात्याच्या पाहणीनुसार २०२३ साली देशातील १३.५ टक्के कुटुंबे, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख घरे, या अवस्थेत होती. त्यांत ४ कोटी ७० लाखांहून अधिक माणसे राहत होती. साधारण सात-आठ घरांमागे एक घर. १९९५ पासून चालत आलेली ही पाहणी यापुढे बंद करणार असल्याचे खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. थर्मामीटर फोडल्याने ताप उतरत नाही, एवढेच यावर म्हणता येईल.

आता या घरांतली माणसे करतात काय? अमेरिकन काँग्रेसची हिशोबतपासणी करणारी जी.ए.ओ. ही संस्था आहे. तिने ऑक्टोबर २०२० मध्ये एक अहवाल दिला. फूड स्टॅम्प आणि मेडिकेड या दोन योजनांचा लाभ घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक आठवड्याला ३५ किंवा अधिक तास काम करत होते, असे त्यात आढळले. मात्र वर्षाचा हिशोब मांडला तर पूर्णवेळ काम मिळालेले साधारण निम्मेच भरले. ही मंडळी कोणाकडे नोकरीला आहेत याची माहिती ज्या राज्यांनी दिली, तेथे पहिल्या काही मालकांत वॉलमार्टचे नाव सातत्याने होते.

जानेवारी २०२२ मध्ये क्रोगर या किराणा साखळीच्या दहा हजारांहून अधिक कामगारांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. वॉशिंग्टन, कोलोरॅडो आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील या कामगारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण अन्न-असुरक्षित ठरले. ही पाहणी कामगार संघटनांनी करवून घेतली होती हे ध्यानात ठेवावे. उत्तरे देणारेही आपणहून पुढे आले होते. तरी हा आकडा निम्मा धरला तरी तो देशाच्या सरासरीच्या अडीचपटीहून अधिक होतो. दिवसभर भाजी, दूध, पाव यांच्या राशी मांडणाऱ्या माणसांची ही स्थिती आहे.

अनेकांना नोव्हेंबर २०१३ मधली एक बातमी आठवत असेल. ओहायोतील कँटन येथल्या एका वॉलमार्टमध्ये कर्मचाऱ्यांच्या खोलीत टोपल्या ठेवल्या होत्या. गरजू सहकाऱ्यांना थँक्सगिव्हिंगचे जेवण मिळावे म्हणून त्यांत अन्नपदार्थ टाका, अशी विनंती त्यांवर होती. सहकाऱ्यांची भावना चांगली होती यात शंका नाही. पण जेथे शेल्फवर अन्न मावत नाही, तेथल्याच नोकरांसाठी नोकरांनीच वर्गणी काढावी ही व्यवस्था ठीक म्हणता येणार नाही.

तासांचे गणित

संघराज्याचे किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, आणि जुलै २००९ पासून ते जागचे हललेले नाही. पुष्कळ राज्यांनी आणि शहरांनी आपापले किमान वेतन त्याहून बरेच वर नेले आहे, आणि मोठी दुकानेही आता बहुतेक ठिकाणी यापेक्षा अधिक देतात. म्हणून चर्चा नेहमी दरावर होते. पण मिळकत म्हणजे दर गुणिले तास. या गुणाकारातली दुसरी संख्या कामगाराच्या हातात नसते.

एक उदाहरण घेऊ. तासाला १२ डॉलर मिळवणारी एकटी बाई. आठवड्याला २६ तास काम मिळाले तर महिन्याची मिळकत साधारण १,३५० डॉलर. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात जाऊन हातात १,२५० येतात. दोघी-तिघींत मिळून घेतलेल्या जागेच्या भाड्याचा हिस्सा ७००, गाडीचा विमा आणि गॅस २५०, फोन ४०. उरले २६०. त्यात जेवण, औषध, कपडे. ओढाताण आहे, पण निभते.

आता नाताळ संपला. जानेवारीत गिऱ्हाईक कमी, म्हणून मॅनेजरने तास कापून १६ वर आणले. दर तोच, १२ डॉलर. हातात येतात सुमारे ७७० डॉलर. भाडे, विमा, गॅस आणि फोन मिळून ९९० तर द्यायचेच आहेत. म्हणजे घास तोंडात जाण्याआधीच २२० डॉलरची तूट. भाडे थकवले तर घरमालक नोटीस काढतो, विमा थकवला तर गाडी बंद, आणि गाडी बंद तर नोकरी बंद. घरखर्चात स्वतःहून कापता येण्याजोगी बाब एकच उरते, ती म्हणजे ताट. त्यामुळे आधी फळे जातात, मग दूध, मग एक वेळचे जेवण.

दुकानांतल्या कामाची वेळापत्रके आज बहुधा संगणकावर ठरतात. किती गिऱ्हाईक येईल याचा अंदाज घेऊन किती माणसे लागतील ते ठरते, आणि अंदाज बदलला की शिफ्ट बदलते. काल लावलेली शिफ्ट आज रद्द होते. गिऱ्हाईक नाही म्हणून चार तासांनंतर घरी पाठवले जाते. मंदीचा धोका पूर्वी मालक सोसत असे. आता तो या पद्धतीने कामगाराच्या स्वयंपाकघरात पोचवला गेला आहे. दुसरी नोकरी धरावी म्हटले तर पहिलीच्या वेळा ठाऊक नसतात. मुलांना सांभाळायला कोणाला बोलवावे तर तेही आदल्या दिवशी कळते.

मदतीचाही हिशोब तासांवरच

सरकारी मदत आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि ती मोलाची आहे. फूड स्टॅम्पचा पहिला प्रयोग १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला, १९६४ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २००८ पासून योजनेचे अधिकृत नाव 'स्नॅप' आहे. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या वर्षासाठी एका माणसाला महिन्याला जास्तीत जास्त २९८ डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला ९९४ डॉलर ठरले आहेत. अलास्का, हवाई वगैरे ठिकाणचे आकडे वेगळे. एका माणसाचे दिवसाला जेमतेम दहा डॉलर झाले, आणि तेही मिळकत अगदीच कमी असेल तरच. मिळकत वाढली की मदत डॉलरमागे साधारण २४ ते ३६ सेंटनी घटते. हे न्याय्य आहे. अडचण अशी की डिसेंबरच्या जादा तासांच्या पे-स्टबवर मदत ठरते, आणि जानेवारीत तास गेलेले असतात. फेरअर्ज करावा तर पुन्हा कागदपत्रे, पुन्हा फोनवर तासभर वाट पाहणे, आणि नेमकी त्याच वेळी शिफ्ट.

जुलै २०२५ च्या कायद्याने आणखी एक अट कडक केली. पूर्वी ५४ वर्षांपर्यंतच्या सुदृढ माणसांना असलेली कामाची अट आता ६४ वर्षांपर्यंत लागू झाली आहे. ज्या पालकांच्या घरी १४ वर्षांखालील मूल नाही, त्यांनाही ती लागू आहे. महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण हवे. नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत मिळते. आठवड्याला निदान २१७.५० डॉलर मिळवणाऱ्याला सूट आहे. आता वरच्या उदाहरणातली बाई पाहा. १६ तासांच्या हिशोबाने तिचे महिन्याचे तास होतात सुमारे ७०, आणि आठवड्याची कमाई १९२ डॉलर. ती दोन्ही कसोट्यांत नापास. तास तिने कापलेले नाहीत, मालकाने कापले. पण मदत तिची थांबणार. याला दुष्काळात तेरावा महिना म्हणतात.

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस संघराज्याचे सरकारी कामकाज बंद पडले, तेव्हा नोव्हेंबरची स्नॅपची रक्कम अनेक ठिकाणी वेळेवर मिळाली नाही. फूड पँट्रींबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांत दुकानांची नावे छापलेले शर्ट घातलेली माणसेही होती. एका महिन्याच्या विलंबाने एवढा गोंधळ होतो, यावरून ही घरे किती काठावर चालली आहेत ते कळते.

आपल्याच घरातली गोष्ट

हे सारे वाचून काहींना वाटेल की विषय महत्त्वाचा खरा, पण आपला नाही. आपली मुले इंजिनियर, डॉक्टर. आपली घरे चार बेडरूमची. मला हे पटत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी नागरिकत्व मिळाल्यावर भावा-बहिणींसाठी अर्ज केले. भारतातल्या भावंडांना या वर्गात व्हिसासाठी आज सुमारे दोन दशके थांबावे लागते. अर्ज केला तेव्हा तिशीत असलेला भाऊ येथे येतो तेव्हा पन्नाशीचा असतो. तिकडे तो बँकेत असेल, शाळेत मुख्याध्यापक असेल, पंचायत समितीत असेल. इथे त्याच्या पदव्यांना आणि अनुभवाला कोणी विचारत नाही. मग तो गॅस स्टेशनवर, इंडियन ग्रोसरीत, नाहीतर मोठ्या दुकानाच्या मागच्या बाजूला माल उतरवायला लागतो. वहिनी डोनटच्या दुकानात पहाटे चारला हजर होतात. ही माणसे आपल्या गणपतीला येतात, आरतीला पुढे असतात, आणि विचारले तर "मजेत चाललंय" म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची ही आपली शिकवण. पण मूठ झाकल्याने पोट भरत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असायला हवी. १९९६ च्या कायद्यानुसार आपण भावासाठी आय-८६४ या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ही सही म्हणजे नुसता उपचार नसून न्यायालयात बजावता येणारा करार आहे. आलेल्या माणसाला दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची हमी आपण त्यात देतो. त्याचे नागरिकत्व होईपर्यंत, किंवा सोशल सिक्युरिटीच्या हिशोबाने ४० तिमाह्यांचे म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम भरेपर्यंत, ती चालू राहते. ग्रीन कार्ड असलेल्या प्रौढाला स्नॅपसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, आणि त्यानंतरही बऱ्याचदा प्रायोजकाची मिळकत त्याच्या मिळकतीत धरली जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्या घराची पहिली फूड बँक म्हणजे सही करणारे आपणच. विमानतळावरून आणले, महिनाभर ठेवून घेतले, जुनी गाडी दिली, एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही.

एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळत नाही. मात्र येथे जन्मलेले मूल नागरिक असल्याने मिळकतीच्या अटीत बसत असल्यास त्याचा हक्क स्वतंत्र आहे. गरोदर स्त्रिया, नुकत्याच बाळंत झालेल्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी असलेल्या 'विक' योजनेत, तसेच शाळेतल्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठी, सर्वसाधारणपणे व्हिसाची चौकशी होत नाही. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत तर सरकारी शाळांतले जेवण सर्वच मुलांना मोफत आहे.

ग्रीन कार्डाचा अर्ज अद्याप चालू असेल तर मात्र सावध राहावे. अर्जदार सरकारवर बोजा ठरेल काय, याविषयीचे नियम सरकारागणिक बदलत आले आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्येही २०२२ चा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. अशा घरांनी आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. ज्यांचे नागरिकत्व झालेले आहे त्यांनी मात्र भीतीपोटी किंवा लाजेपोटी हक्काची मदत सोडू नये. पगारातून कर त्यांनीही भरलेला आहे.

साखर, शिफ्ट आणि महिनाअखेर

अपुरे अन्न म्हणजे माणूस वाळणार, ही आपली समजूत जुन्या दुष्काळांवरून झालेली आहे. इथे उलटे घडते. पैसे कमी पडले की भाजी, डाळी, फळे, दही मागे पडते आणि पाव, नूडल्स, चिप्स, सोडा पुढे येतो. पोट भरते, वजन वाढते, साखर वाढते. भारतीय वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणूनच अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या प्रौढांची तपासणी बी.एम.आय. २३ पासूनच करावी अशी शिफारस केली. म्हणजे आपल्यातला कमी पगाराचा कामगार दोन्ही बाजूंनी सापडतो.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे साखर एकदम उतरणे. २०१४ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातल्या २००० ते २००८ या काळातील इस्पितळांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. गरीब वस्तीतल्या लोकांचे साखर उतरल्यामुळे इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होते. सुखवस्तू लोकांत असा फरक दिसला नाही. औषध रोजचे तेच, पण महिनाअखेर ताटात अन्न कमी. मग साखर उतरणारच.

दुकानांतल्या शिफ्टमध्ये जेवणाची वेळही हमखास नसते. जेवणाची सुट्टी दिलीच पाहिजे असा संघराज्याचा कायदा नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पाच तासांहून अधिक कामाला अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची आहे, पुष्कळ राज्यांत काहीच नाही. इन्सुलिन किंवा ग्लिपिझाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या जेवणाच्या वेळा अनियमित आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये किंवा कमी करू नये. खिशात साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात, आणि बरोबर काम करणाऱ्या एकाला तरी आपल्या आजाराची कल्पना द्यावी.

आपल्या समाजात डॉक्टर भरपूर आहेत. त्यांना एक विनंती. गेल्या वर्षभरात पैसे येण्याआधी अन्न संपेल अशी काळजी कधी वाटली का, आणि आणलेले अन्न संपून पुन्हा आणायला पैसे नव्हते असे कधी झाले का, हे दोन प्रश्न पेशंटला विचारण्याची पद्धत २०१० पासून प्रचारात आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीने २०१५ मध्ये मुलांच्या तपासणीत त्यांची शिफारस केली. मराठी पेशंट असला म्हणून हे प्रश्न गाळू नका. उलट तो आपण होऊन सांगणार नाही, म्हणून त्याला आवर्जून विचारा.

काही आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा : "खर्चाला शिस्त नाही. आम्हीही सुरुवातीला काटकसर केली." केली, हे खरे. पण आपल्यापैकी बहुतेकांची ती काटकसर असिस्टंटशिप किंवा ठरलेल्या पगारावरची होती. रक्कम लहान होती, तरी पहिल्या तारखेला किती येणार ते माहीत होते. अंदाजपत्रक करायला आधी जमेची बाजू लागते. पुढच्या आठवड्यात १२ तास मिळतील की ३० हेच ठाऊक नसेल, तर उत्तम अकाउंटंटलाही घरखर्च आखता येणार नाही.

दुसरा आक्षेप दुकान चालवणाऱ्या आपल्या बांधवांचा : "किराण्याच्या धंद्यात नफा किती असतो ते आम्हाला विचारा. तासांची हमी कुठून द्यायची?" हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण गॅप या कपड्यांच्या साखळीने शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातील काही दुकानांत वेळापत्रके स्थिर करण्याचा प्रयोग केला. काही कामगारांना आठवड्याला निदान २० तासांची ढोबळ हमीही दिली. २०१८ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या दुकानांची विक्री ७ टक्क्यांनी आणि कामगारांमागची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. अनुभवी माणूस टिकला की गिऱ्हाईकही टिकते, हे आपल्या गावच्या वाण्यालाही ठाऊक होते. किराण्याचे दुकान म्हणजे कपड्यांचे दुकान नव्हे हे मान्य. पण प्रयोग करून पाहण्याइतका हा पुरावा पुरेसा आहे.

काही ठिकाणी कायदेही झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये मोठ्या साखळी दुकानांना दोन आठवडे आधी वेळापत्रक देणे बंधनकारक केले. सिअ‍ॅटल, न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस या शहरांनी आपापल्या परीने हा मार्ग धरला. ऑरेगनने २०१७ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा केला. हे कायदे मोठ्या मालकांपुरते आहेत. छोट्या दुकानदाराने त्यांना घाबरण्याचे कारण नाही.

ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. आपल्यातल्या ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवर मिळणारी अमेरिकेची तांबडी मिलो आठवत असेल. त्या दुष्काळातून महाराष्ट्र जे शिकला ते म्हणजे रोजगार हमी, ज्याचा कायदा १९७७ मध्ये झाला. भुकेल्याला धान्य तर द्यावेच, पण काम करायला तयार असलेल्याला कामाची खात्री द्यावी, हे त्यामागचे सूत्र. येथला दुकान-कामगार काम करायला तयारच आहे. त्याला हवी आहे ती तासांची हमी.

आपण काय करावे?

मंडळाने दिवाळीचे खोके जरूर ठेवावे, पण त्याशेजारी रोख देणगीची पेटीही ठेवावी. फूड बँका घाऊक भावात खरेदी करतात, त्यामुळे आपल्या डॉलरचे त्यांच्या हाती जास्त अन्न होते. वस्तू द्यायच्याच तर तांदूळ, सुके चणे, मूग, राजमा, तेल, पीनट बटर आणि कमी मिठाच्या भाज्यांचे डबे द्यावेत. शाकाहारी घरांना पँट्रीत अनेकदा फारसे काही मिळत नाही, तीही सोय होईल. कार्यक्रमात उरलेले चांगले अन्न देताना खटल्याची धास्ती बाळगू नये. प्रामाणिक हेतूने अन्नदान करणाऱ्याला १९९६ च्या गुड सॅमॅरिटन कायद्याचे संरक्षण आहे.

मंडळाच्या सूचनाफलकावर एक मराठी पान लावावे. २११ या क्रमांकावर फोन केला की बहुतेक भागांत जवळच्या पँट्रीची आणि योजनांची माहिती मिळते. विक, शालेय जेवण आणि स्नॅप यांच्या अटी चार-चार ओळींत लिहाव्यात. फॉर्म भरायला मदत करणाऱ्या दोघा-तिघांचे फोन द्यावेत, आणि कोणी विचारले हे त्यांनी कोणाला सांगू नये. आपल्याकडे टॅक्सचे फॉर्म एकमेकांना विचारून भरले जातात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हेही तसेच व्हावे.

ज्यांची दुकाने, मोटेल, रेस्टॉरंट आहेत त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वेळापत्रक दोन आठवडे आधी लावावे, आणि प्रत्येक कामगाराला किमान तास सांगून ते पाळावेत. आपल्या नात्यातला किंवा गावचा माणूस कामाला असेल तर हे अधिक काटेकोरपणे करावे. "घरचाच आहे" म्हणून त्याच्या तासांची आणि पगाराची हेळसांड होते, हे आपण सगळेच जाणतो.

ज्यांनी भावंडांसाठी सही केली आहे त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. "काही हवंय का?" असे विचारले तर उत्तर "नाही" असेच येते. त्याऐवजी "या महिन्यात किती तास मिळाले?" असे विचारावे. या प्रश्नाला आकडा सांगावा लागतो, आणि आकड्यावरून ताटाचा अंदाज येतो. मग तांदळाची गोणी पोचवायची, की गाडीच्या विम्याचा हप्ता भरायचा, हे ठरवता येते. बहुधा हप्ता भरणे जास्त उपयोगाचे, कारण त्याने नोकरी टिकते.

आणि ज्यांना मत आहे त्यांनी आपल्या शहरात किंवा राज्यात तासांच्या हमीचा प्रश्न पुढे आला की त्याकडे करवाढीइतकेच लक्ष द्यावे. आपले प्रतिनिधी मंडळाच्या कार्यक्रमाला येतात, शाल-श्रीफळ घेतात, फोटो काढतात. त्यांना आपण व्हिसाबद्दल विचारतो, तसे एकदा दुकानातल्या कामगारांच्या वेळापत्रकाबद्दलही विचारायला हरकत नाही. सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या काही जणांना ते उत्तर ऐकायचे असेल.